दगडाने कापलेली नाळ: तमाशा कलावंतांच्या वाटेचा इतिहास कोण लिहिणार?

दरवर्षी १५ जानेवारी आली की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पोस्ट फिरते. विठाबाई नारायणगावकरांचा स्मृतिदिन. पोस्टमधला प्रसंग सगळ्यांना तोंडपाठ आहे. पोटात नऊ महिन्यांचं बाळ घेऊन विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ कापली आणि पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या. पोस्टच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं: "याला म्हणतात कलेवरची निष्ठा!" खाली हात जोडल्याची चिन्हं.

गेल्या वर्षी जुन्नर तालुक्यातल्या एका अभ्यासवर्गात मी मुलांना विचारलं, "ही निष्ठा होती हे कशावरून? त्या रात्री खेळ थांबवला असता तर काय झालं असतं?" कोणी बोललं नाही. मग मागून एक मुलगी म्हणाली, "ताई, सुपारीचे पैसे गेले असते."

तिचं उत्तर पोस्टपेक्षा खरं आहे. हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. फिरत्या कलावंतांनी सोसलेल्या हालांना आपण त्याग, साधना, निष्ठा अशी गोड नावं देतो. जिथे ते हाल जातीने आणि कर्जाने लादलेले होते, तिथे त्यांना श्रम म्हटलं पाहिजे आणि श्रम म्हणूनच त्यांची नोंद झाली पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे.

प्रवासात जात उघडी पडते

प्रवास आणि जात यांचं नातं बाबासाहेबांइतकं स्पष्ट कोणी मांडलेलं नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटं आत्मकथन बरंचसं प्रवासाच्या प्रसंगांचं आहे. १९०१ साली लहानगा भीमा भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरला. अंगावर चांगले कपडे, खिशात भाड्याचे पैसे. पण मुलं महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. १९२९ साली चाळीसगावला ते बॅरिस्टर होऊन आले तरी टांगेवाल्यांनी त्यांना बसवायला नकार दिला. वस्तीतल्याच, टांगा हाकायची सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला आणि अपघात झाला.

हे प्रसंग आपण वाचतो आणि हळहळतो. आता असा विचार करा की असाच प्रवास कोणी वर्षातले सात-आठ महिने, रोज एका नव्या गावाला करत असेल. सोबत ढोलकी, हलगी, तुणतुणं, कपड्यांच्या पेट्या, कडेवर लेकरं. आणि ज्या गावाला जायचं, तिथे माणूस म्हणून आधी ओळख पटत नाही, जात म्हणून पटते. महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ अशा जातींतून आलेल्या तमाशा कलावंतांचा प्रवास हा असा होता.

ज्यांच्या प्रवासाची नोंद झाली

शास्त्रीय संगीताच्या इतिहासातही प्रवासाचे हाल आहेत आणि ते खरे आहेत. ते नाकारण्याचं मला काही कारण नाही.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला राहायचे. ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोविल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले आणि तिथेच फलाटावर त्यांनी प्राण सोडला. देशभर गाजलेल्या गवयाचा शेवट एका अनोळखी फलाटावर झाला. भीमसेन जोशी १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, गुरूच्या शोधात गदगहून पळाले. विनातिकीट रेल्वेत बसायचं, प्रवाशांना गाणं ऐकवायचं, मिळेल ते खायचं, असं करत ते उत्तरेत ग्वाल्हेरपर्यंत पोहोचले. मोगूबाई कुर्डीकर तर गोव्याच्या कलावंत समाजातल्या. आईने त्यांना लहानपणीच फिरत्या नाटक कंपनीत नेलं आणि १९१४ साली, मोगूबाई दहा वर्षांच्या असताना, आई गेली.

हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण ते कोणीतरी लिहून ठेवलं. चरित्रं निघाली, मुलाखती झाल्या, पुण्यतिथीचे समारोह सुरू झाले. मोगूबाईंसारख्या स्त्रीलासुद्धा ही मान्यता सहज मिळाली नाही. जन्माने मिळालेला शिक्का पुसण्यासाठी तिला आयुष्यभर गावं लागलं. तरी अखेर पद्मभूषण मिळालं, नोंद झाली.

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. शास्त्रीय गवयाची वाट प्रामुख्याने रेल्वेची होती. एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात, एका शहरातून दुसऱ्या शहरात. थर्ड क्लासचे हाल होते, पण दुसऱ्या टोकाला कोणी यजमान होता, उतरायला घर होतं. तमाशाची वाट मात्र जिथे रेल्वे नाही तिथली. आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आजही रेल्वे स्टेशन नाही. घोडेगावच्या पुढे भीमाशंकरच्या अंगाला किंवा जुन्नरच्या पश्चिमेला मावळात गेलात की जुन्या काळात कलावंत तिथवर कसे पोहोचत असतील, हे चढ बघूनच कळतं. पायी, बैलगाडीने, पुढे ट्रकने. आणि दुसऱ्या टोकाला घर नव्हतं. होता गावाबाहेरचा माळ.

याच वाटेवर कधीकाळी निवारा होता

जुन्नर हे मुळात वाटसरूंचं गाव. कोकणातून नाणेघाट चढून आलेला व्यापारी इथेच पोहोचायचा. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेणी खोदली गेली. तिथले शिलालेख वाचा. दान देणारे बरेचसे साधे लोक आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिली आहे. बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींचीही नावं तिथे कोरली आहेत.

यात दोन गोष्टी दिसतात. एक, येणाऱ्याला निवारा आणि पाणी देणं हे पुण्याचं काम मानलं जात होतं. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दानाचा पैसा विश्वासाने ठेवला जात होता. दुसरी, हाताने काम करणाऱ्यांचं नाव दगडात कोरलं जात होतं.

त्याच डोंगरांच्या पायथ्याशी विसाव्या शतकात विठाबाईंच्या आधीच्या पिढीने फड काढला. फडाचं नाव: भाऊ-बापू मांग नारायणगावकर. जात फडाच्या नावातच. गावाने ती लपवू दिली नाही आणि त्यांनीही लपवली नाही. भाऊ म्हणजे विठाबाईंचे वडील, बापू म्हणजे चुलते. या भावांनी नारायणगावचं नाव महाराष्ट्रभर नेलं. पण पाणवठा आणि देऊळ त्यांच्या जातीला मोकळं नव्हतं. ज्या देवाच्या जत्रेत ते रात्रभर नाचायचे-गायचे, त्या देवाच्या गाभाऱ्यात त्यांना जागा नव्हती. दोन हजार वर्षांत याच वाटेवरचा निवारा कुठे गेला, हा प्रश्न आपण आपल्या गावाला विचारायला हवा.

हंगाम: दसरा ते बुद्ध पौर्णिमा

तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेला संपतो. आपल्यासाठी ही दोन्ही नावं वेगळ्या अर्थाची आहेत. दसऱ्याला आपण दीक्षाभूमीकडे निघतो तेव्हा फडाची गाडी घर सोडून निघते. बुद्ध पौर्णिमेला आपण विहारात वंदना घेतो तेव्हा ती गाडी परत येते. मधले महिने मुलं आजीकडे किंवा गाडीत. गाडीत असलेल्या मुलांची शाळा सुटते आणि मग तीच मुलं पुढे ढोलकीवर किंवा नाचायला उभी राहतात. जात पिढ्यान्‌पिढ्या कशी पुढे जाते याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला समाजशास्त्राच्या पुस्तकात सापडलं नाही.

नारायणगाव पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, अकोले, संगमनेर या सगळ्या तालुक्यांतून इथे येणं सोपं. त्यामुळे चैत्रातल्या जत्रांच्या आधी इथे फडांच्या राहुट्या लागतात. गावकरी येतात, राहुटी-राहुटीत फिरतात, भाव करतात, सुपारी देतात. "तमाशा पंढरी" हे नाव त्यातूनच पडलं. वर्तमानपत्रात दरवर्षी बातमी येते: अमुक इतक्या सुपाऱ्या, अमुक इतकी उलाढाल. त्या उलाढालीतली नाचणाऱ्या बाईच्या हाती किती पडते, हे बातमीत नसतं.

त्यातला उचलीचा हिशेब समजून घ्या. कलावंत पावसाळ्यात फडमालकाकडून उचल घेतो. घरात लग्न असतं, आजारपण असतं, चार महिने चूल पेटवायची असते. मालक स्वतः सावकाराकडून पैसे उचलतो. हंगामात नाचून-गाऊन ती उचल फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामात त्याच फडात. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या नातेवाइकांना ही पद्धत समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की कोयत्याच्या उचलीला आपण शोषण म्हणतो आणि चाळाच्या उचलीला परंपरा.

आता एक दिवस बघा. रात्री गण, गवळण, बतावणी, मग वग. खेळ संपेपर्यंत पहाट. जत्रेच्या गावात सकाळी पुन्हा हजेरी द्यायची. मग तंबू-कनाती उतरवायच्या, पेट्या भरायच्या आणि पुढच्या गावाला निघायचं. झोप चालत्या ट्रकमध्ये, सामानावर. गावात पोहोचल्यावर बायकांनी आंघोळीला, शौचाला कुठे जायचं? कनातीमागे, नाल्यात, अंधार पडल्यावर. पाळी आलेल्या बाईने काय करायचं, हा प्रश्नसुद्धा कोणाला पडला नाही. अवकाळी पाऊस आला, खेळ मोडला, तर पैसे बुडाले. दारू प्यालेल्यांनी दंगा केला, दगड मारले, तर बदनामी परत तमाशाचीच. वर सरकारचा परवाना, पोलिसांची परवानगी आणि वगाची संहिता मंजूर करून घेण्याची कटकट. अश्लीलतेचा ठपका नाचणाऱ्या बाईवर. शिट्टी मारणाऱ्या पाटलाला कोणी परवाना मागितला नाही.

मातृत्वाचा कायदा कोणापर्यंत आला?

आता परत विठाबाईंकडे येऊ.

त्यांचा जन्म १९३५ चा. त्याआधीच, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या कामगार बायकांना बाळंतपणाचा लाभ देण्याचं विधेयक आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देणारं भाषण केलं. त्यांचं म्हणणं असं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलायला हवा, आणि जो मालक बाईच्या कामातून नफा मिळवतो त्यानेही तो सोसला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ बाबासाहेब मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाच्या लाभाचा कायदाही सुधारला.

म्हणजे विठाबाई जन्माला आल्या तेव्हा मुंबईच्या गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची पगारी विश्रांती कायद्याने मिळालेली होती. आणि विठाबाई स्वतः बाळंत झाल्या तेव्हा त्यांच्या हातात दगड होता. कारण गिरणीतली बाई कामगार होती आणि बोर्डावरची बाई "कलावंतीण" होती.

याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. १९६१ साली केंद्राचा प्रसूती लाभ कायदा आला. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात घोडेस्वारीचे, कसरतीचे "आणि इतर" खेळ दाखवणाऱ्या आस्थापनांचा समावेश झाला. सर्कशीतली बाई कायद्यात आली. मग शंभर-सव्वाशे माणसं, ट्रक, तंबू आणि तिकीटबारी घेऊन फिरणारा तमाशाचा फड "इतर खेळां"त बसत नव्हता का? माझ्या समजुतीने बसायला हवा होता. पण तो बसवा म्हणून भांडणारी संघटना त्या बायकांच्या मागे उभी राहिली नाही. यात सरकारचा दोष आहेच. आपलाही आहे.

विठाबाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. तरी शेवटची वर्षं हलाखीत गेली आणि दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांपुढे हात पसरायची वेळ आली. २००२ साली त्या गेल्या. नंतर राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे. पण मेल्यावर नाव आणि जिवंतपणी दगड, हा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे.

"बाबासाहेबांनीच तमाशा नाकारला होता ना?"

हा प्रश्न आपल्याच तरुणांकडून येतो आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं.

चळवळीत एक प्रसंग सांगितला जातो. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, कारण ते महार बायकांना नाचवून मिळालेले पैसे होते. १९३६ साली मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणींपुढे बोलतानाही त्यांनी त्यांना ते लाजिरवाणं जिणं सोडायला सांगितलं.

म्हणून काही जण म्हणतात, तमाशाचं कौतुक आंबेडकरवाद्यांनी का करायचं? बरोबर आहे, कौतुक करूच नका. मी सुद्धा करत नाही. पण नीट बघा, बाबासाहेबांनी पैसा नाकारला. त्या बायका नाकारल्या असत्या तर १९३६ ला त्यांच्यापुढे जाऊन बोलले नसते. जातीने लादलेल्या कामातून बाहेर पडा हे सांगणं आणि त्या कामात अडकलेल्या बाईकडे पाठ फिरवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं आंबेडकरवाद आहे. दुसरं पांढरपेशेपणा आहे, आणि तो आपल्यातही शिरला आहे. पठ्ठे बापूरावांनी ब्राह्मण्य सोडून तमाशा जवळ केला ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्या फडाला जिने पाय दिले त्या पवळाबाई, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाच्या महार घरातल्या. त्यांच्या वाट्याला त्या कथेतली एक ओळ येते. ब्राह्मणाचं खाली उतरणं हा त्याग ठरतो, महार बाईचं तिथेच असणं कोणाला दिसत नाही. पुण्याच्याच येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित बायकांवर मोठं संशोधन केलं आणि २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. अमेरिकेत या विषयाचं मोल कळलं. आपल्या विहारात त्यावर किती चर्चा झाल्या?

आणि आपल्या चळवळीचं पायही याच वाटेवर मळलेले आहेत. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचाच साचा घेतला, त्यातली देवादिकांची कथा काढली आणि बाबासाहेबांचा विचार भरला. हे जलसे गावोगाव फिरले, वस्तीत मिळेल ती भाकरी खाल्ली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गात फिरले. अण्णा भाऊ साठे लहानपणी वाटेगावहून कुटुंबाबरोबर चालत मुंबईला आले आणि तमाशाला लोकनाट्याचं रूप देऊन कामगारांपुढे उभे राहिले. हलगी तीच, ढोलकी तीच, वाटही तीच. फरक हा की या वाटेवर ते स्वतःच्या मर्जीने निघाले होते. कोणाची उचल फेडायला नाही. मर्जीने सोसलेले हाल आणि लादलेले हाल यांतला हा फरक तरुणांनी मनात पक्का करावा.

पुरावा काय द्यायचा?

शेवटी एक अनुभव सांगते. ज्येष्ठ कलावंतांना सरकारचं मासिक मानधन मिळतं. आपल्या भागातल्या एका मावशींचा अर्ज भरायला मी त्यांच्याबरोबर एका कार्यालयात गेले. वय सत्तरीच्या पुढे, तीस वर्षं फडात नाचलेल्या. टेबलापलीकडून विचारणा झाली: कलावंत असल्याचा पुरावा? प्रमाणपत्रं, कात्रणं, कार्यक्रमाचे फोटो, काहीतरी कागद?

मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, नाचायला उभं करताना कुणी कागद दिला व्हता का? उचलीच्या वहीवर अंगठा घेतला, ती वही मालकाकडं."

आम्ही परत आलो. एस.टी.त त्यांनी गुडघ्यावरचं लुगडं थोडं वर केलं आणि जुना व्रण दाखवला. ट्रक उलटला होता तेव्हाचा. त्यांच्याकडे पुरावा होता, कार्यालयात तो चालत नव्हता.

इतिहास कोण लिहितो हा प्रश्न परिसंवादापुरता नाही, तो असा अर्जाच्या रकान्यात येऊन बसतो. ज्याच्या प्रवासाची नोंद झाली त्याचे हाल चरित्रात गेले. ज्याची झाली नाही त्याचा अर्ज परत आला.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या तरुणांना माझं सांगणं आहे. तुमच्या वस्तीत, शेजारच्या मातंग वस्तीत, कोल्हाटी पालावर जुने कलावंत असतील. बौद्ध-मातंग असा भेद मध्ये न आणता त्यांच्याकडे जा. मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा: कोणत्या फडात होते, कोणत्या गावांना गेले, उचल किती होती, बाळंतपणं कुठे झाली, मुलं कोणाकडे ठेवली. त्यांच्यासोबत काम केलेल्या दोघा-तिघांची लेखी साक्ष घ्या, गावाकडून दाखला मागा, जुनी पोस्टरं-फोटो शोधा. मानधनाचे अर्ज भरायला सोबत बसा आणि परत आले तर पुन्हा भरा. फडातल्या मुलांसाठी हंगामभर चालतील अशा वसतिगृहांची मागणी ग्रामसभेत लावा. फडातल्या बाईला कामगार म्हणून नोंदणी आणि बाळंतपणाचा लाभ मिळावा, हे प्रत्येक निवेदनात लिहा.

मावशींचा अर्ज आम्ही पुन्हा भरतो आहोत. यावेळी सोबत तिघांच्या साक्षी आणि एक जुनं फाटकं पोस्टर आहे. त्यावर मावशींचं नाव बारीक अक्षरात, सगळ्यात शेवटी छापलंय. पण छापलंय.

येत्या १५ जानेवारीला ती पोस्ट पुन्हा येईल. तेव्हा खाली हात जोडू नका. लिहा, "ही निष्ठा नव्हती. हिला रजा मिळायला हवी होती."

जयभीम! नमो बुद्धाय!